बोटं, जबडा, खांदे

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून साधारण दोन मीटर उंचीवर, एक छिद्र होतं. व्यास तीन मिलिमीटर. इमारत नवी, रंग नवा. पण छिद्राभोवती धुळीचं एक करडं वर्तुळ जमलं होतं. आत बसवलेला छोटा पंखा खोलीतली हवा सतत ओढून घेतो, हवेबरोबर धूळ येते आणि काठावर अडकते. वर्तुळ जितकं रुंद, तितके जास्त दिवस घर बघायला खुलं आहे. हे वर्तुळ करंगळीच्या नखाएवढं होतं. म्हणजे दहाएक दिवस झाले आणि घर अजून गेलेलं नाही. ही खूण चांगली की वाईट, हा विचार मी मनात येताच थांबवला. विचार केला की खांदे वर येतात.

"बोटं," पराग माझ्या मागून हळू आवाजात म्हणाला.

मी पायांची बोटं फरशीवर सैल सोडली.

"सावकाश बघा, पंधरा मिनिटं आहेत," आहेरदादा म्हणाले. ते आमचे एजंट. चार वर्षांत त्यांनी आम्हाला नाशिकमधली एकसष्ट घरं दाखवली होती, पाथर्डी फाट्यावरचं हे बासष्टावं. एवढ्या ओळखीनंतर घर दाखवताना ते घराविषयी बोलत नसत. इकडचं तिकडचं बोलत. "वहिनी, एक गंमत सांगतो. आपल्या दोन-तीन फ्लॅटांत ओट्याखाली सुपारी सापडली. एकेकच. झाडणाऱ्या मावशी म्हणतात, करणी केलीय कुणीतरी. मी म्हटलं, उंदराने आणली असेल. तर मला म्हणतात, साहेब, उंदराला दात आहेत, पण एवढे नाहीत."

पराग हसला नाही. मीही नाही. हसण्यातही स्नायू लागतात.

जुई, आमची नऊ वर्षांची मुलगी, ओट्याखालच्या कप्प्यात डोकावून आली आणि हात मागे बांधून भिंतीपाशी उभी राहिली. आम्ही तिघं खोल्यांमधून फिरलो. दवाखान्यात नंबर यायला वेळ असला की माणसं भिंतीवरचे तक्ते वाचतात, तसं आम्ही ते घर पाहिलं. बाल्कनी होती. तिच्यासमोर काय होतं, ते मी पाहिलं नाही.

जिन्यात आल्यावर परागच्या फोनवर निकाल आला. आमचा ओढ अंक एक पूर्णांक सहा. किमतीची पट्टी हिरवी, म्हणजे आम्हाला झेपणारी. रांगेत आमचा क्रमांक पाचवा.

गाडीपर्यंत पोचेस्तोवर घर विकलं गेलं होतं.

"पुढचं बघू," मी म्हणाले.

आमच्या घरात हे वाक्य माझं होतं. पराग कधीकधी चिडायचा, एकदा त्याने गाडीच्या स्टिअरिंगवर मूठ आपटली होती. मी मात्र प्रत्येक वेळी याच आवाजात हेच म्हणत आले. लोक माझ्या संयमाचं कौतुक करत.

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. त्यामुळे या यंत्राचं तत्त्व मला पहिल्याच दिवशी समजलं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. आपल्या शरीरात आयसोप्रीन नावाचा एक वायू तयार होतो आणि थोडा स्नायूंमध्ये साठून राहतो. स्नायू आवळले की तो रक्तात येतो, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासाबरोबर बाहेर. बऱ्याच वर्षांपूर्वी काही संशोधकांनी चित्रपटगृहातली हवा तपासली, तेव्हा त्यांना दिसलं की पडद्यावर उत्कंठेचा प्रसंग आला की सभागृहातलं आयसोप्रीन वाढतं. प्रेक्षक खुर्चीत नकळत अंग आवळून बसतात. कुणी ओरडत नाही, कुणी हलत नाही, तरी हवेला कळतं.

त्यावेळी ती केवळ एक गमतीची नोंद होती. हवेतल्या अब्जावधी रेणूंमधले हे मोजके रेणू वेचून काढायला खोलीभर मोठं उपकरण लागे. मग तांदळाच्या दाण्याएवढे संवेदक आले. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की घर बघायला आलेला माणूस तोंडाने "बघू, विचार करून सांगतो" म्हणत असला, तरी ज्या घरात त्याला राहावंसं वाटतं तिथे त्याची पावलं फरशीला धरून राहतात.

लोकांनी या यंत्राला सरळ 'नाक' म्हणायला सुरुवात केली. घरांच्या खरेदी-विक्रीच्या पोर्टलने ते सगळीकडे बसवलं. ते आत आलेल्यांच्या श्वासाची सरासरी काढतं, प्रत्येकाच्या वयानुसार दुरुस्ती करतं आणि शून्य ते दहामध्ये ओढ अंक देतं. त्यावरून दोन गोष्टी ठरतात. अंक जास्त असेल तर किंमत जास्त, पण रांगेत पुढचा क्रमांक. अंक कमी असेल तर किंमत कमी, पण क्रमांक मागचा. एकच घर एकाच दिवशी सात कुटुंबांना सात किमतींना दाखवलं जातं. दारावर तशी पाटी असते, आत पाऊल टाकलं म्हणजे तुमची संमती.

तिसरी एक वाट होती, तोंडी मागणी. घरात उभं राहून एजंटला स्पष्ट शब्दांत सांगायचं की आम्हाला हे घर हवं आहे. एजंट बटण दाबतो आणि रांग मोडून घर तुमचं होतं. मात्र त्या क्षणी नाक जो अंक दाखवेल, त्या किमतीला. मागे फिरता येत नाही. असं बोलताना कुणाचा श्वास शांत राहणार? आहेरदादांनी सगळ्या आयुष्यात दोनदा तोंडी मागणी ऐकली होती. त्यातली एक दारू प्यालेल्या माणसाची होती.

परागने यावर बराच अभ्यास केला. तो सिन्नरच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम पाहतो. कुठलीही गोष्ट बिघडली की ती दुरुस्त होऊ शकते, अशी त्याची श्रद्धा आहे. त्याचं म्हणणं असं की मधे कुठेतरी एक नेमका अंक असणार, ज्यावर किंमतही हिरवी राहील आणि क्रमांकही पहिल्या दोनात येईल. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मते तो तीन पूर्णांक आठ होता.

त्यासाठी त्याने एक जुनं नाक विकत आणून आमच्या भाड्याच्या घरात टीव्हीच्या वर लावलं. रविवारी सकाळी आम्ही जमिनीवर बसायचो आणि तो पडद्यावर घरांची चित्रं दाखवायचा.

"बोटं सोडा. जबडा. दातावर दात नको. खांदे. ऋजू, खांदे!"

"सोडलेत."

"दोन पूर्णांक नऊ दाखवतंय. तुला हे आवडलंय."

"खिडकीत कुंड्या आहेत म्हणून असेल."

"कुंड्या बघू नकोस. कुंड्या मालक घेऊन जाणार."

जुईला हा खेळ वाटायचा. पहिल्यांदा ती खळखळून हसायची आणि आकडा सातावर जायचा. मग तिला तो खेळ जमायला लागला.

अडचण अशी होती की असा सराव फक्त आम्हीच करत नव्हतो. गंगापूर रोडला याचे वर्ग निघाले होते. सगळ्या शहराने बोटं सोडली, तेव्हा पोर्टलने गणित बदललं. पूर्वी तीन पूर्णांक आठला मिळणारा क्रमांक आता सहाला मिळू लागला. सहाला पट्टी हिरवी राहीना, म्हणून आम्ही आणखी शांत झालो. त्यांनी गणित आणखी एकदा बदललं. आमचा संयम त्यांच्या गणितात आधीच धरलेला होता. मला हे कागदावर मांडून दाखवता आलं असतं. पण त्यातून बाहेर कसं पडायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी ते मांडलं नाही.

सुरुवातीला आम्ही सासूबाईंनाही घर बघायला नेत असू. तिसरं घर बघताना त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली, बाहेर वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे सकाळी ऊन येणार. इथे स्टूल टाकून भाजी निवडत बसेन मी." अंक आठच्या वर गेला. किमतीची पट्टी लाल झाली. गाडीत पराग म्हणाला, "आई, पुढच्या वेळी तू नको येऊस."

"बरं," त्या म्हणाल्या.

ज्या माणसाचा सगळा दिवस त्या घरात जाणार होता, त्यालाच घर दाखवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. ठरवलं म्हणजे पराग बोलला आणि मी गप्प राहिले. त्यानंतर आम्ही घर बघून आलो की आई फक्त विचारायच्या, "खिडकी कुठल्या अंगाला होती?" पराग म्हणायचा, "आई, ते घर गेलं." मग त्या जुईला आत घेऊन जायच्या. दोघींचं काहीतरी कुजबुजणं चाले. मला वाटायचं, आजी-नातीच्या गप्पा आहेत.

चार वर्षांत आम्ही पाच भाड्याची घरं बदलली. अकरा महिन्यांचा करार संपला की मालकाला ते घर विकायचं असे. विकायला हीच तर वेळ चांगली होती. जुईची तिसरी शाळा चालू होती. आताच्या मालकांनी डिसेंबरअखेरची मुदत दिली होती, म्हणजे चौथी शाळा.

सहा वर्षांची असताना जुईला झोपाळा हवा होता. आईंच्या माहेरी, येवल्याला, बैठकीत एक होता आणि त्यावर बसून त्या लहानपणी पाढे म्हणत, असं तिने ऐकलं होतं. भाड्याच्या घरात छताला कड्या ठोकू देत नाहीत. "आपलं घर झालं की," मी तिला म्हणाले होते. वर्षभर ती रोज विचारायची. मग आठवड्याने एकदा. मग थांबली. मला तेव्हा बरं वाटलं होतं. मोठी होतेय, समजूतदार होतेय, असं मी मनात म्हटलं होतं.

नववा वाढदिवस ऑक्टोबरमध्ये झाला. आईंनी तिला विचारलं, "काय आणू गं तुला?"

"काहीपण चालेल."

"काहीपण म्हणजे काय? नाव घे की एखाद्या वस्तूचं."

"तुम्ही ठरवा आजी. मला चालेल."

संध्याकाळी शाळेतल्या मैत्रिणीने दिलेला खोका ती उघडायला बसली. मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होते. तिने खोका समोर ठेवला, डोळे मिटले. पायांची बोटं हलवून सैल केली. तोंड किंचित उघडलं. खांदे खाली आले. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग तिने कागद न फाडता, चिकटपट्टी नखाने सोडवत, खोका उघडला. आत रंगीत खडूंची मोठी पेटी होती.

"छान आहे," ती म्हणाली.

घर बघून झाल्यावर आम्ही आहेरदादांना 'छान आहे' म्हणतो, अगदी त्याच आवाजात.

टीव्हीवरच्या नाकाने शून्य पूर्णांक चार दाखवलं. मी स्वतःला समजावलं, लहान मुलांच्या श्वासात आयसोप्रीन मुळातच कमी असतं. यंत्र कितीही दुरुस्ती करत असलं, तरी एवढ्या लहान आकड्यांवर विसंबता येत नाही. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. मी पेला धुऊन ठेवला.

रात्री जेवताना मी परागला विचारलं, "आतापर्यंत पाहिलेल्यांपैकी तुला कुठलं घर आवडलं होतं?"

तो जेवायचा थांबला. खरंच आठवत होता. "मी लक्षात नाही ठेवलं," तो म्हणाला. "तुला?"

"मलाही नाही आठवत."

"बरंय ना मग." तो जुईकडे बघून हसला. "आणि ही आपली हुकमाची राणी आहे. हिच्यामुळे सरासरी किती खाली येते माहितीय? शनिवारचा चित्रकलेचा क्लास बंद करू या का थोडे दिवस? आहेरांकडे शनिवारचीच घरं जास्त असतात."

"चालेल," जुई म्हणाली.

भांड्यातलं वरण संपलं होतं, आत आणखी आहे का ते बघायला मी उठले.

त्रेसष्टावं घर इंदिरानगरच्या मागच्या बाजूला, वीस वर्षं जुन्या सोसायटीत होतं. दुसरा मजला. शनिवार सकाळ. मालक-मालकीण मुलाकडे बेंगळुरूला राहायला गेले होते. नाक परवाच बसवलं होतं. छिद्राभोवती धूळ नव्हती, भिंत फोडल्याचा पांढरा भुगा तेवढा राहिला होता.

"आजचा पहिलाच दिवस," आहेरदादा म्हणाले. "सकाळपासून आठ पार्ट्या येऊन गेल्या, तुमच्यानंतर अजून नऊ आहेत. खाली दोघे येऊन थांबलेत, बघितलंत ना? एक जण डोळे मिटून बसलाय बाकावर. काय ध्यान लावलंय! मला वाटलं झोपला."

मी माझ्या जागी उभी राहिले. बोटं, जबडा, खांदे. फरशी जुन्या पद्धतीची होती, हिरवट, पायाला गार लागणारी. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती. ओट्यावर उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि त्यात आधीच्या बाईंच्या पोळपाटाच्या पायांचे तीन पुसट डाग दिसत होते. मी नजर काढून घेतली.

बैठकीच्या छताला दोन कड्या होत्या.

लोखंडी, जाड, रंगाचे तीन-चार थर बसलेल्या. दोन्हींमधलं अंतर साधारण सव्वा मीटर. मी जुईकडे पाहिलं. ती कड्यांच्या बरोबर खाली उभी होती, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत. तेवढ्या वेळात ती सगळीकडे फिरली, न्हाणीघराचा नळसुद्धा उघडून पाहिला, पण मान वर करून तिने एकदाही छताकडे पाहिलं नाही. एवढ्या खबरदारीने एखादी गोष्ट न पाहायची तर ती आधी पाहिलेली असावी लागते.

आम्ही बाहेर आलो. दार उघडंच होतं; आमच्या वेळेतली चार मिनिटं उरली होती. पराग फोनकडे बघत जिन्याच्या कठड्याला टेकला.

"शून्य पूर्णांक नऊ! ऋजू, एकच्या खाली आलो आपण. पट्टी एकदम हिरवी." मग त्याने खालची ओळ वाचली. "रांगेत... आठवे."

जुई एका हाताने बुटाचा बंद बांधत होती. दुसऱ्या हाताची मूठ गच्च मिटलेली होती. बंद सुटत होता, ती पुन्हा बांधत होती, पण मूठ उघडत नव्हती.

"काय आहे हातात?"

"काही नाही."

"जुई."

तिने मूठ उघडली. आत एक सुपारी होती, घामाने ओली झालेली. तिच्यावर कुंकवाचा ठिपका होता, तो तळहाताला लागून पसरला होता.

आहेरदादा दारातून पुढे झाले. "अरे! ही तर तीच!"

"कुठून आणलीस?" मी विचारलं.

"आजीने दिली. दर वेळी देते." तिने परागकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आजी म्हणते, पूजेत सुपारीचा गणपती असतो ना, तो नव्या घरात कोपऱ्यात ठेवून यायचा. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी तो आपली जागा धरून ठेवतो. बाबांना सांगायचं नाही म्हणाली. बाबा म्हणतील यानेपण अंक वाढतो."



"मग आज ठेवायची राहिली का?" मी विचारलं. "चार मिनिटं आहेत. ठेवून ये."

"नको."

"का?"

ती बुटाच्या बंदाकडे बघत राहिली. "मी सव्वीस घरांत ठेवली. सव्वीसच्या सव्वीस घरं दुसऱ्यांना मिळाली. ती ठेवली की घर मिळतच नाही आई. आजीला वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं नाही." मग अगदी हळू, जवळजवळ श्वासावरच, "म्हणून इथे नाही ठेवली."

प्रयोगशाळेत आम्ही असंच काम करतो. बाकी सगळं तेच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. सव्वीस घरं तिने लक्ष ठेवून मोजली होती. तिचा निष्कर्ष चुकीचा होता. सुपारीचा त्यात काही संबंध नव्हता. पण सत्ताविसाव्या घरात तिने प्रयोग बदलला होता. हे घर जाऊ नये, म्हणून तिला जे एकमेव करता येण्यासारखं होतं, ते तिने केलं होतं. आणि नाकाने शून्य पूर्णांक नऊ दाखवलं होतं.

मी बूट काढले आणि परत आत गेले.

"ऋजू?" पराग म्हणाला. "काय विसरलं?"

"जुई, आत ये."

ती बूट काढून आली. मी कड्यांखाली उभी होते. "तुला इथलं काय आवडलं?"

तिने चौकटीवरच्या छिद्राकडे पाहिलं आणि मान हलवली. "आई, इथे नाही बोलायचं."

"आज बोलायचं."

"पण बाबा..."

"बोल."

तिने परागकडे पाहिलं. तो उंबऱ्यात उभा होता, फोन हातात, आणि पहिल्यांदाच त्याचं लक्ष फोनकडे नव्हतं. मग जुईने मान वर केली. तिचे खांदे कानांपर्यंत चढले. पायांची बोटं फरशीला धरून आत वळली, मोज्यातूनही दिसत होती. तिने ते थांबवायचा प्रयत्न केला. ओठ हलले, बोटं, जबडा. जमलं नाही.

"त्या कड्या," ती म्हणाली. "घट्ट आहेत का, ते बघायचं होतं मला."

"अंक चढतोय," पराग म्हणाला. आवाज कोरडा होता. "तीन. पावणेपाच. ऋजू, बाहेर चला दोघी. अजून वेळ आहे. आपण बाहेर बोलू."

"बाहेर काय बोलणार?"

"सहा. पट्टी पिवळी झाली."

पिवळी पट्टी म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाही पाठ होतं. दोघांनी निवृत्तीच्या दिवसापर्यंत, एकही महिना न चुकवता, आहे ती नोकरी करायची. सिन्नरची धूळ त्याला सोसत नाही, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. दोन-तीन वर्षांत ते काम सोडायचं, असं आमचं बोलणं झालं होतं. पिवळ्या पट्टीत ते बसत नव्हतं. आणि पिवळ्यानंतर लाल होती. लाल म्हणजे बँकच नाही म्हणणार.

माझ्या मानेतला एक स्नायू ताठला होता. मला तो सोडवता येत नव्हता. चार वर्षांत असं पहिल्यांदाच होत होतं, आणि यात धीराचं काही नव्हतं. मला माहीत होतं, याच क्षणी माझ्या श्वासातून ते रेणू बाहेर पडताहेत, वर चढताहेत आणि तीन मिलिमीटरच्या त्या छिद्रात जाताहेत. यंत्र चुकत नव्हतं. ते अगदी बरोबर मोजत होतं.

पराग आत आला. मला वाटलं, तो जुईचा हात धरून तिला बाहेर नेईल. तो कड्यांखाली आला, चवड्यांवर उभा राहिला आणि हात उंच करून त्याने एक कडी पकडली. ओढून पाहिली. मग दुसरी. देखभालीच्या माणसाने पाहावी तशी, आधी हलक्या हाताने, मग सगळं वजन टाकून. थोडा रंग निघून त्याच्या केसांवर पडला.

"घट्ट आहेत," तो जुईला म्हणाला. मग फोनकडे बघून, माझ्याकडे न बघता, "सात पूर्णांक दोन. लालला थोडंच कमी आहे, ऋजू."

आहेरदादांनी खिशातून त्यांचा फोन काढला होता, पण बटणावर अंगठा ठेवला नव्हता. "वहिनी, घाई करू नका. मी चार वर्षं बघतोय तुम्हाला. तुमच्याइतकी शांत पार्टी नाही माझ्याकडे. उद्या म्हसरूळला एक आहे, परवा अजून दोन येताहेत. हे एकदा बोललात की मागे घेता येत नाही. मला तर वाटतं, पुढचं बघा."

खाली बाकावर बसलेला माणूस उठून जिना चढत होता. त्याची पावलं एकसारखी, सावकाश, सरावाची होती.

जुईने सुपारी फ्रॉकच्या खिशात टाकली आणि खिशावर हात दाबून धरला.

"पुढचं नाही बघायचं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आहेरदादा, आम्हाला हे घर हवंय."